थकलेल्या घोड्याची रेघ

धुकं पडलं की आमचा ग्वाल्हेरचा किल्ला सगळ्यात आधी आपलं वजन टाकून देतो. बुरूज, दगड, भिंतीवरच्या निळ्या फरश्या, काही उरत नाही. उरते एक रेघ, तीही कुणीतरी हलक्या हाताने ओढून मध्येच सोडून दिल्यासारखी. अकराच्या पुढे ऊन आलं की रेघेच्या आत सावल्या भरू लागतात आणि दुपारपर्यंत किल्ला पुन्हा जड होऊन आपल्या जागी बसतो. जयेंद्रगंजातल्या दुकानाच्या गच्चीवरून मी हे बघत असते. या दिवसांत गिऱ्हाईक उशिरा उठतं. खाली गल्लीत गजकवाल्याकडे तीळगूळ कुटण्याचा दणदण आवाज सुरू होतो, मटारच्या गाड्या येतात, आणि मला दर वर्षी तोच एक हिवाळा आठवतो. आठवण गोड नाही. त्या हिवाळ्यात मला एक वस्तू कबूल करण्यात आली होती आणि ती मिळाली नाही.

मी फ्रेमा करते. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पोरांच्या पदव्या, गेलेल्यांचे फोटो. एका फोटो स्टुडिओच्या जिन्याखाली, ताठ उभं राहिलं तर डोकं आपटेल अशा जागेत सुरुवात केली. आज रस्त्यावर तोंड असलेलं दुकान आहे. मधलं सगळं भांडून मिळवलं. काचवाल्याशी, लाकूडवाल्याशी, घरमालकाशी. घासाघीस करायची लोकांना लाज वाटते. मला ती कधी परवडली नाही. माझी पद्धत साधी आहे. माल हातात घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि खोट शोधायची. पोचा, चीर, वाळवी, डाग. सापडली की मोठ्याने बोलून दाखवायची आणि मग गप्प बसायचं. समोरचा आपण होऊन खाली येतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझी नजर कुठल्याही वस्तूवर पडते ती आधी तिच्या खोटेवर. माणसांच्या बाबतीतही तसंच होतं असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला टेंबे सर दुकानात आले ते मफलर, कानटोपी आणि वर शाल अशा थाटात. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, राहायला हरिशंकरपुरममध्ये मुलगा-सुनेकडे. काउंटरवर हात टेकून त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?" आमच्या ग्वाल्हेरातला म्हातारा मराठी माणूस दर विचारण्याआधी हे विचारतो.

"जगदाळ्यांची."

"म्हणजे लष्करातले. तुझे पणजोबा घोडा धरून उभे असतील तेव्हा आमचे पणजोबा दप्तरात त्या घोड्याचा दाणा लिहीत असतील."

"लिहीत असतील आणि त्यातला मूठभर घरी नेत असतील," मी म्हटलं.

ते हसले. हसणाऱ्या गिऱ्हाइकापासून मी सावध असते.

काम वेगळं होतं. त्यांच्याकडे जुन्या विलायती ठशांचा गठ्ठा होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने चित्र कोरायचं, खाचांत शाई भरायची, पत्रा वरून पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद दाबून चित्र उचलायचं, तो ठसा. हे इटलीचे, जर्मनीचे, चार-पाच शतकांपूर्वीचे. तिकडच्या लोकांनी माणसाचं अंग पुन्हा नव्याने बघायला सुरुवात केली त्या काळातले. कुठल्याशा कोठीचं सामान मोडीत निघालं तेव्हा तरुण वयात सरांनी ते रद्दीतून उचलले होते. आता जुन्या माउंटचा पुठ्ठा तपकिरी पडून कागदाला खात चालला होता.

"माउंट सगळे बदलायचे. पण ठसे घराबाहेर जाणार नाहीत."

"मग दुकान उचलून आणू का?"

"दुकान नको. तू ये. सुरी घेऊन ये."

मजुरीवरून आमचं बराच वेळ चाललं. माणूस घासाघिशीत माझ्या तोडीचा निघाला, हे मला आवडलं आणि त्याचा रागही आला. शेवटी त्यांनीच तोड काढली. मजुरी निम्मी घ्यायची. बदल्यात काम संपल्यावर एक ठसा माझा, माझ्या पसंतीचा. अट एवढीच की सगळे पाहून झाल्यावर निवडायचा आणि का निवडला ते सांगायचं.

"कुठलाही?"

"कुठलाही."

तोंडी सौदा मी नेहमी दोनदा वदवून घेते. "कुठलाही ना, सर?" "अगं, कुठलाही म्हटलं ना!" झालं. तेव्हा तो ठसा विकायचा हेच माझ्या डोक्यात होतं. मी दुकानदार आहे.

मग सगळा हिवाळा, आठवड्यातून दोन-तीन दुपारी, मी हरिशंकरपुरमच्या त्या गच्चीवर गेले. आमच्याकडे थंडीत घराचं खरं बिऱ्हाड गच्चीवर असतं. खाट, सतरंजी, रजया उन्हात उलट्या टाकलेल्या, परातीत मटार, कुणाचे ओले केस, कुणाचं वर्तमानपत्र. सरांची सून मनीषा शेंगा सोलत बसायची, सर खुर्चीत, आणि मी खाली सतरंजीवर पाट, पट्टी, सुरी आणि मैद्याच्या खळीची वाटी घेऊन. एका वेळी एकच ठसा बाहेर निघायचा. जुना पुठ्ठा मी सोडवायची, कडांचा गोंद ओल्या बोळ्याने मऊ करायची. पण नव्या माउंटला लावण्याआधी सर म्हणायचे, "आधी बघ. काय दिसतं?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई आहे. टोपली आहे. झाड आहे."

"हे तर आमची मनीषासुद्धा सांगेल."

"बाबा, मैं यहीं बैठी हूँ हं," मनीषा म्हणाली. "सगळं ऐकू येतंय."

माझं डोकं तापलं. हातात वस्तू आहे आणि ती वाचता येत नाही असं कुणी मला म्हणावं? मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. "इथे घडी पडलीय. हा डाग पाण्याचा. कोपरा कसरीने खाल्लाय. आणि हिच्या बाहीवरच्या रेघा बघा, फिकट आहेत. बाकी सगळीकडे काळ्या, इथेच फिकट. माल वापरलेला आहे."

सर खुर्चीत पुढे सरकले. "फिकट का?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. तांबं मऊ असतं. एकाच पत्र्यावरून ठसे काढत गेलं की तो झिजतो, आणि सगळ्यात नाजूक रेघा आधी जातात. पहिल्या ठशांत बाहीवर मऊ सावली असते, नंतरच्यांत तिथे नुसता कागद. म्हणजे मी खोट शोधली होती आणि तीच त्या ठशाची उमर होती. त्या दिवसापासून सर माझ्याकडून आधी खोटच काढून घ्यायचे आणि प्रत्येक खोटेला "का?" विचारायचे.

हळूहळू दिसायला लागलं. या चित्रांत रंग नाही, करडी छटासुद्धा नाही. काळी रेघ आणि मोकळा कागद, एवढ्यावर सगळा कारभार. दंडावर रेघा बांगड्यांसारख्या वळून जातात म्हणून दंड गोल होतो. त्याच रेघा सरळ ओढल्या असत्या तर फळी झाली असती. सावली गडद हवी तिथे पहिल्या रेघांवर दुसऱ्या आडव्या जातात, जाळी होते, आणि जाळीच्या घरांत कधी कधी एकेक ठिपका. जवळून पाहिलं तर कोळ्याचं जाळं, हात लांब केला तर गुडघा. मी तो कागद किती वेळा पुढे-मागे केला असेल. जाळ्याचा गुडघा नेमका कुठे होतो ते पकडायचं होतं मला. ती जागा सापडत नाही. आणि उजेड? उजेड कुणी काढलेलाच नसतो. कारागिराने जिथे हात लावला नाही, तिथे उजेड. खांद्यावर ऊन पडलंय म्हणून आपण बघत राहतो, तिथे नुसता कागद असतो.

एकदा मला सगळी माणसं डावखुरी दिसली. तलवार डाव्या हातात, लेखणी डाव्या हातात. मी लगेच खोट धरली. सर इतके खूश झाले की त्यांनी मनीषाला चहा टाकायला पिटाळलं. पत्र्यावर उजव्या हाताने काढलेलं कागदावर उलटं उमटतं. काही कारागीर त्याची काळजी घेत आणि आधीच उलटं कोरत, काहींना त्याचं काही नव्हतं.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. सरांनी सांगितलं की वळणदार रेघ कोरताना कारागीर हात वळवत नाही. कोरणी तळव्याने पुढे रेटलेली, हात जागच्या जागी, आणि दुसऱ्या हाताने खालचा पत्रा फिरवायचा. रेघ वळते कारण तांबं वळतं. जोर वाढवला की ती जाड, कमी केला की केसासारखी. आणि एकदा पडली की पडली. हे मला इतरांपेक्षा लवकर समजलं असेल, कारण काच मी रोज कापते. काचेवर हिऱ्याची रेघ एका दमात ओढायची असते. मध्ये थबकलात, किंवा त्याच रेघेवरून पुन्हा गेलात, की काच वाटेल तिथे तडकते. माझी रेघ सरळ असते आणि तिच्यावर फक्त काच तुटते. त्यांच्या रेघेला पोट होतं, पाठ होती, थकवा होता.

त्या हिवाळ्यात मी रस्त्याने नीट चालू शकत नव्हते. गोरखीच्या भागात पेरूवाल्याच्या हातावरच्या शिरा, पिंजाऱ्याच्या दुकानात रजयांच्या घड्या, मंदिराच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला म्हातारा, सगळीकडे सावली कुठून सुरू होते ते डोळा शोधायचा. काचवाल्याशी माझं वार्षिक भांडण व्हायचं असतं. त्या वर्षी तो ओरडत होता आणि मी त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघत होते. मधली आठी भुवईजवळ जाड होऊन कानशिलाकडे बारीक होत जात होती.

"मॅडम, सुन भी रही हो?" तो म्हणाला.

"सुन रही हूँ. बोलो."

आणि मी त्याचा दर मान्य करून बसले. त्या वर्षी काच महाग पडली.

गठ्ठ्यात एक मोठा ठसा होता. विजयाची मिरवणूक. रथ, कर्णे, फुलांच्या माळा, हत्तीसुद्धा, न पाहता काढलेला असावा असा, कारण त्याला कुत्र्याचे पाय होते. सर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवायचे. लोक वा वा करायचे. आणि गठ्ठ्याच्या तळाशी एक होता वहीच्या पानाएवढा. कारागिराचं नाव नाही. एक ओझ्याचा घोडा मान खाली घालून उभा, आणि त्याला टेकून त्याची देखभाल करणारा मोतद्दार, तोही उभ्या-उभ्या पेंगणारा. मागे काही नाही. झाड नाही, गाव नाही. ओझं उतरवून झालेलं आहे आणि अजून कुणी बोलावलेलं नाही, एवढंच.

संक्रांत होऊन गेली होती. तो शेवटचा माउंट चिकटवून मी हात पुसले आणि म्हटलं, "हा."

"काय हा?"

"माझा ठसा. हा घेणार."

सरांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. भावात फसलेल्या माणसाचा चेहरा मला दुरून ओळखता येतो.

"तो नाही," ते म्हणाले. "मिरवणूक ने. अगं, दुकानात लावलीस तर पार रस्त्यावरून दिसेल."

"कुठलाही म्हणाला होतात. दोनदा."

"म्हणालो होतो. बाकी कुठलाही ने. दोन ने."

"का निवडला ते सांगायची अट होती. सांगते." आणि मी सांगितलं. घोड्याच्या मानेपासून निघालेली एक रेघ आहे. ती पाठीवरून जाते, मागच्या मांडीवरून वळते आणि मागच्या पायाच्या खुरापर्यंत उतरते. ती कुठेही तुटलेली नाही. मानेपाशी केसाएवढी, पाठीच्या खोलगट भागात जाड, जणू ओझं अजून तिथेच आहे, आणि गुडघ्याच्या वर पुन्हा बारीक. त्या पायावर त्याने भार टाकलेला नाही हे त्या बारीकपणातून कळतं. मिरवणुकीत रेघा पुष्कळ आहेत, पण तिथे प्रत्येक रेघ बघणाऱ्याकडे बघते. ही रेघ फक्त घोड्याचं काम करते.

मनीषाचा शेंग सोलणारा हात थांबला होता. सरांनी ठसा जपून आपल्याकडे घेतला. मग म्हणाले, "घोडा आहे म्हणून आवडला तुला. जगदाळे ना तुम्ही. रक्तातच आहे."

माझ्या कानातून वाफ निघाली. "सगळा हिवाळा रेघ दाखवलीत आणि आता रक्त काढता? घोड्याच्या जागी गाढव असतं तरी मी हाच उचलला असता!"

"दे दीजिए ना बाबा," मनीषा म्हणाली. "एकच तर मागतायत ताई."

"तू मध्ये बोलू नकोस."

"ठेवा मग," मी म्हटलं. "सगळेच ठेवा. आरती ओवाळा त्यांची." सुरी, पट्टी, खळीची वाटी उचलली आणि जिना उतरले. दुसरा ठसा घेतला नाही. घेतला असता तर सौदा मिटला असता आणि मला तो मिटवायचा नव्हता.

त्यानंतरचे हिवाळे तसेच गेले. गणपतीत मंडळात सर दिसायचे, मी खांबाच्या पलीकडून निघून जायची. राग कशाचा होता हे मला बऱ्याच उशिरा, काच कापतानाच, कळलं. शब्द मोडणारी माणसं मला रोज भेटतात. त्यांच्यासाठी मी झोप घालवत नाही. पण "कुठलाही" असं कबूल करणारा माणूस आधी मनात हिशेब करतो की समोरचा काय मागेल. मीही करते. जे मागितलं जाणार नाही याची खात्री असते, ते आपण उदारपणे देऊन टाकतो. सरांनी मला बघितलं, दुकान बघितलं, सोनेरी पट्ट्यांच्या फ्रेमा बघितल्या आणि ठरवलं की ही मोठं आणि झगमगीत उचलेल. मग त्यांनीच मला बघायला शिकवलं. मी त्यांचं ऐकून चांगली शिकले, आणि तिथे त्यांचा सौदा फसला. माझी किंमत त्यांनी पहिल्या दिवशी लावली होती आणि ती पुढे बदलायला ते तयार नव्हते. "रक्तातच आहे" म्हणजे तेच.

या वर्षी धुकं लवकर आलं. गेल्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. "ताई, बाबांना काचबिंदू झालाय. नज़र लगभग गई समझो. तुम्हाला बोलावतात. नाराज़गी असेल तरी एकदा या ना."

मी गेले. दया वगैरे नव्हती. माझी वस्तू तिथे होती.

सर गच्चीवर उन्हात बसले होते, तीच कानटोपी, तोंड भलत्याच दिशेला. मांडीवर तो ठसा, मी लावलेल्या माउंटमध्ये.

"आलीस? बैस. सांग, काय दिसतं."

मी ठसा उचलला आणि सवयीने खोटेपासून सुरुवात केली. "खालच्या कडेला बोटाचा डाग पडलाय. तुमच्याच बोटाचा असणार. बाकी कागद ठीक आहे."

"पाठीवर रेघ जाड होते, तिथे काळी आहे अजून?"

"काळी आहे."

"आणि मागचा पाय?"

"उचललेला नाही. पण भार नाही त्याच्यावर."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "घेऊन जा."

"आता दिसत नाही म्हणून देताय?"

"हो," सर म्हणाले. "दिसत असता तर दिला नसता."

खोटं बोलले असते तर मी उठून गेले असते. हे उत्तर मला धंद्याच्या दृष्टीने योग्य वाटलं. तरी मी ठसा खाली ठेवला. "एक गोष्ट कबूल करा, मग नेते. तेव्हा तुम्हाला खात्री होती ना, की मी मिरवणूक उचलणार?"

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मनीषा आत जायला निघाली होती ती दारातच थांबली.

"होती," सर म्हणाले. "फ्रेमवाली बाई, मोठं बघून नेईल, असंच वाटलं होतं. आयुष्यभर हा घोडा ज्याला-त्याला दाखवला गं मी. कुणी त्याच्यापाशी थांबलं नाही. मला वाटायचं तो मला एकट्यालाच दिसतो. तू थांबलीस. आणि सगळं बरोबर सांगितलंस. तुझा भयंकर राग आला मला."

"हे तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"तू चिडली होतीस."

"मी नेहमीच चिडलेली असते."

"ते खरं," ते म्हणाले, आणि मनीषा दारात तोंडाला पदर लावून हसली.

मी ठसा पिशवीत नीट उभा ठेवला. सरांनी हात पुढे केला, कागदाला लावायला असेल. तो हवेतच राहिला आणि मग त्यांनी तो मांडीवर घेतला.

"लावशील कुठे?"

"ऊन येणार नाही अशा भिंतीवर."

"विकशील?"

"माझी वस्तू आहे. मी ठरवीन."

मनीषाने गजकाचा डबा पुढे केला, मी एक तुकडा घेतला आणि जिना उतरले. सौदा पुरा झाला. राग अजून माझ्याकडेच आहे. तो सौद्यात नव्हता.